दुकानातील फुटलेली जमीन : झाकावी की सुधारावी?

काशीचा राजा घाट मराठी माणसास परका वाटत नाही. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी करार करून पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले आणि पुढे कर्वी व काशी येथे राहिले. या घाटाचे दगडी बांधकाम त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. पूर्वी तो अमृतराव घाट म्हणूनही ओळखला जाई. त्या पायऱ्या रचल्या गेल्या तेव्हा आजचे सिमेंट अस्तित्वातच नव्हते. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यास पोर्टलंड सिमेंटचे पेटंट मिळाले ते १८२४ साली. तरीही चुन्यात बसवलेले ते दगड दर पावसाळ्यात गंगेखाली जातात, गाळाने भरतात, धुतले जातात आणि हिवाळ्यात पुन्हा यात्रेकरूंच्या पायांखाली येतात.

त्याच घाटावरून वर चढून गल्लीत आले की निराळे दृश्य दिसते. दुकानांच्या जमिनी सिमेंटच्या कोब्याच्या आहेत. कोठे कोब्याचे पोपडे निघाले आहेत, कोठे खळगे पडले आहेत, कोठे झाडू मारताच राखाडी धूळ उडते. शे-दोनशे वर्षांचा दगड शाबूत राहावा आणि पंधरा-वीस वर्षांचा कोबा फुटावा, हे कोडे वाटते खरे; परंतु ते सोडवल्यावाचून दुकानदाराने नव्या फरशीसाठी पैसे काढणे म्हणजे रोग न ओळखता औषध घेणे होय. स्वस्त फरशी कोणती, या प्रश्नाचे उत्तर बाजारातील दरपत्रकात नसून जमिनीखालच्या पाण्यात आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

जमीन का फुटते?

कोबा फुटण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण कारागिराच्या हातचे. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात पाणी वाजवीपेक्षा अधिक घातले जाते. जादा पाणी उडून गेले की त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात आणि वरचा थर ठिसूळ होतो. त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले आणि पुढे सात दिवस पाणी मारावयाचे ते दोन दिवसांतच थांबवले, की चकचकीत दिसणारी ती जमीन वर्षभरात धूळ सोडू लागते.

दुसरे कारण खालच्या भरावाचे. माती नीट ठोकून बसवलेली नसेल तर ती दबते, काँक्रीटखाली पोकळी होते आणि पहिले जड पिंप ठेवताच तडा जातो. जमीन एकसंध ओतल्यामुळेही तडे जातात, कारण काँक्रीट सुकताना आकसते. म्हणून ते दोन मीटरपेक्षा लांब बाजू नसलेल्या चौकोनांत ओतावे असा नियम आहे. आपल्याकडे तो ठाऊक असूनही घाईत विसरला जातो.

तिसरे कारण ओलाव्याचे. नदीकाठच्या वस्तीत तेच सर्वांत बलवत्तर. पाणी केवळ वरून खाली जाते असे नव्हे, तर बारीक छिद्रांतून ते वरही चढते. यास केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी अरुंद तितके पाणी अधिक उंच चढते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते सुमारे दीड सेंटिमीटर चढते, दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत सुमारे पंधरा सेंटिमीटर, आणि शतांश मिलिमीटरच्या नळीत सुमारे दीड मीटर! माती, वीट, चुना आणि निकृष्ट काँक्रीट यांतील छिद्रे अशाच सूक्ष्म मापाची असतात. मग गंगा गल्लीपासून कितीही खाली वाहत असली, तरी भिजलेली माती, गळकी मोरी किंवा फुटका नळ दुकानाच्या जमिनीस पाणी पुरवण्यास पुरेसा असतो.

हे पाणी एकटे येत नाही; मातीतील व विटांतील क्षार ते बरोबर आणते. पृष्ठभागाशी येऊन पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात व त्यांचे स्फटिक बनतात. बंद छिद्रात वाढणारा स्फटिक पाचरीसारखा दाब देतो आणि वरचा थर पोपड्यांच्या रूपाने सुटतो. भिंतीवर आपण ज्यास लोणा लागला म्हणतो, तोच हा प्रकार.

पूर आला की या सर्वांत भर पडते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, आणि २०१३, २०१६ व २०२१ या वर्षीही धोक्याची रेषा ओलांडली गेली. पाणी आठवड्याभरात उतरते. जमिनीत मुरलेली ओल मात्र महिनोन् महिने वर येत राहते.

निदान घरच्या घरी

ही तपासणी करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हातोडीच्या दांड्याने जमिनीवर वीतभर अंतराने ठोकत जावे. टणक आवाज आला तर पाया घट्ट आहे. पोकळ आवाज आला तर थर सुटला आहे, आणि तेथे खडूने खूण करावी. त्यानंतर हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्या व एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या खालच्या अंगास दव धरले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या अंगास दव दिसले, तर दोष दमट हवेचा आहे, व त्यावर उपाय वायुवीजनाचा आहे, फरशीचा नव्हे. ही परीक्षा पावसाळ्यानंतर लगेच एकदा व उन्हाळ्यात एकदा करावी, कारण केवळ मे महिन्यात केलेली परीक्षा फसवी ठरू शकते.

इतके केले की दुकानदारास आपला वर्ग कळतो : जमीन कोरडी पण जीर्ण, कोरडी पण पोकळ, किंवा ओली. या तिघांना एकच औषध देणारा विक्रेता आपला माल विकतो, आपली अडचण सोडवत नाही.

झाकण्याचा मोह

बाजारात सर्वांत स्वस्त दिसणारी वस्तू म्हणजे प्लास्टिकचे गुंडाळीतील आच्छादन. एका दुपारी ते पसरून होते आणि दुकान नवे दिसते. १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने जवसाच्या तेलापासून लिनोलियम तयार केले, तेव्हापासून गुंडाळीच्या फरशीचे हे आकर्षण चालत आले आहे. कोरड्या, सपाट जमिनीवर तिचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु ओल्या कोब्यावर ती पसरली म्हणजे वर येणाऱ्या वाफेचा मार्ग बंद होतो. काँक्रीटमधील अल्कलीयुक्त ओलीने चिकटद्रव्य मऊ पडते, फुगे येतात, खाली बुरशी धरते व दुर्गंधी सुटते. तैलरंग किंवा इपॉक्सीचा लेप यांचीही तीच गत होते; खालून आलेली ओल लेपास सालीसारखे सोलून काढते. दोन वर्षांनी दुकानदार तोच खर्च पुन्हा करतो, आणि या वेळी जुने आच्छादन खरवडण्याची मजुरीही देतो. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू अशा रीतीने सर्वांत महाग पडते.

येथे एक आक्षेप येईल. ओल रोखण्यासाठी जाड पॉलिथिन घालून त्यावर नवी जमीन करावी, म्हणजे झाले! आधुनिक इमारतीत हा मार्ग योग्य आहे, कारण तेथे भिंतींच्या तळाशीही ओलरोधक थर असतो. जुन्या गल्लीतील वीट-चुन्याच्या भिंतींत तो बहुधा नसतो. जमिनीचे तोंड बंद केले की तिच्यातून उडून जाणारे पाणी बाजूस सरकते आणि भिंतींतून वर चढते. मग जमीन कोरडी, पण फळ्यांवरील माल ओला, असा न्याय होतो. जुन्या इमारतीत पाण्यास कोंडण्यापेक्षा त्यास बाहेर पडण्याची वाट ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे आमचे मत आहे. घाटाच्या दगडांचे टिकणेही काही अंशी याच गोष्टीत आहे. त्यांच्या चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते, आणि झीज झालीच तर ती बहुधा सांध्याची होते, व सांधा पुन्हा भरता येतो.

परवडणारे पर्याय

समजा, दुकान तीन मीटर रुंद व चार मीटर खोल आहे. म्हणजे बारा चौरस मीटर.

जमीन कोरडी असून केवळ धूळ सोडत असेल, तर नवी फरशी घालण्याचे कारणच नाही. जमीन घासून स्वच्छ धुवावी, सुकू द्यावी आणि तिच्यावर सोडियम सिलिकेटचे म्हणजे जलकाचेचे पातळ द्रावण दोन-तीन वेळा द्यावे. काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावून ते छिद्रांत कठीण पदार्थ तयार करते. सर्व पर्यायांत हा सर्वांत अल्प खर्चाचा.

खळगे थोडे असतील तर खडूने खूण केलेला पोकळ भाग छिन्नीने चौकोनी कापून काढावा. कडा उभ्या ठेवाव्या, धूळ काढावी, जागा भिजवून सिमेंटची रबडी लावावी व बारीक खडीचे काँक्रीट ठोकून भरावे. पातळ होत जाणाऱ्या कडांची ठिगळे महिन्यात सुटतात. उभ्या कडांची टिकतात.

जमीन सर्वत्र खराब पण खालचा पाया घट्ट व कोरडा असेल, तर पृष्ठभाग टोचून खडबडीत करावा व त्यावर ४० मिलिमीटरचा नवा कोबा घालावा. बारा चौरस मीटरसाठी हे काँक्रीट सुमारे अर्धा घनमीटर होते. एकास दोन-चार या प्रमाणाने त्यास सिमेंटची जेमतेम तीन पोती लागतात. जागच्या जागी घातलेल्या काँक्रीटच्या जमिनीसाठी भारतीय मानक २५७१ उपलब्ध आहे. त्यातील सूचना ठेकेदाराने वाचल्या नसल्या तरी दुकानदाराने तीन गोष्टींचा आग्रह धरावा : पाणी कमी, चौकोन लहान आणि सात दिवस ओलावा.

सिमेंटच्या तयार फरश्या हा आणखी एक मध्यम मार्ग. भारतीय मानक १२३७ प्रमाणे त्या २०० मिलिमीटर चौरस व २० मिलिमीटर जाडीपासून मिळतात. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते, हा त्यांचा मोठा गुण. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भावनेने सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या फरश्या अनेक जुन्या इमारतींत अद्याप पायांखाली आहेत. चिनी मातीच्या फरश्यांचे फुटके तुकडे सिमेंटमध्ये बसवण्याची पद्धत तर याहून स्वस्त. व्हेनिसच्या कारागिरांनीही संगमरवराच्या टाकाऊ तुकड्यांतूनच आपली प्रसिद्ध जमीन घडवली. तेही पाण्याच्या काठचेच नगर.

जमीन ओली असेल तर आमचा कौल दगडास आहे. सुटलेला कोबा फोडून काढावा व त्याचे तुकडे खाली भरावात ठोकून वापरावे. अरुंद गल्लीत मालमोटार येत नाही; राडारोडा डोक्यावरून बाहेर नेण्याची मजुरी त्यामुळे वाचते. त्यावर धूळ चाळून काढलेल्या बारीक खडीचा पाच सेंटिमीटरचा थर द्यावा. खडीतील पोकळ्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून मोठ्या असल्याने पाणी त्यांत एक-दोन सेंटिमीटरच चढते आणि केशाकर्षणाची साखळी तेथेच तुटते. वाळूने हे साधत नाही, कारण तिच्यातील पोकळ्या फारच बारीक असतात. या थरावर जाड फरशी बसवून सांधे चुन्याने भरावे. काशीस चुनारचा वालुकाश्म जवळ आहे. महाराष्ट्रात शहाबादी, राजस्थानच्या बाजूस कोटा. जो दगड जवळचा तोच स्वस्त, कारण दगडाच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. वालुकाश्मासही लोणा लागतो व त्याचे पापुद्रे निघतात, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु खराब झालेली एक फरशी उलटी करून किंवा बदलून काम चालते; सबंध जमीन फोडावी लागत नाही.

जमिनीची उंची वाढते हेही आधी मोजावे. उंबरठा, लोखंडी शटर व मोरीचा उतार यांची मापे न घेता घातलेली उत्तम फरशी पहिल्याच पावसात गल्लीचे पाणी आत घेते.

धंदा पाहून फरशी

एकाच गल्लीतील सर्व दुकानांस एकच फरशी योग्य असे नाही. राजा घाटापासून जवळच मदनपुरा हे बनारसी वस्त्रांचे प्रसिद्ध ठिकाण आहे. रेशमाच्या दुकानात जमीन चालण्यासाठी नसून बसण्यासाठी असते. तीवर गादी व पांढरी चादर अंथरली जाते, आणि गिऱ्हाइकापुढे शालू तेथेच उलगडतो. गादीखाली ओल असेल तर रेशमावर डाग पडतात व जर काळवंडते. येथे एका शालूचे नुकसान साऱ्या फरशीच्या खर्चाहून अधिक असू शकते. अशा दुकानाने आधी ओलीचा बंदोबस्त करावा, आणि तोवर गादी लाकडी तख्तावर उचलून घ्यावी, म्हणजे खालून वारा खेळेल.

दही, लस्सी किंवा मिठाई विकणाऱ्याचा शत्रू निराळा. दह्यातील आम्ल सिमेंटला व शहाबादी-कोट्यासारख्या चुनखडकाला खाते. साखरेचा पाकही काँक्रीटला अपायकारक आहे. त्याने वालुकाश्म किंवा पाणी न शोषणारी भाजलेली फरशी घ्यावी, पण खरखरीत पृष्ठाची. तेल व पाणी सांडलेल्या गुळगुळीत फरशीवरून उकळती कढई घेऊन जाणारा कामगार घसरला, तर वाचवलेल्या पैशाचा हिशेब कोणास सुचणार नाही.

लोहारकाम किंवा दुरुस्तीच्या कारखान्यात जड वस्तू पडतात. तेथे चिनी मातीची फरशी तडकते, विशेषतः तिच्याखाली मसाला पोकळ राहिला असेल तर. अशा जागी कठीण खडीचा जाड कोबा किंवा उभ्या विटांची जमीन बरी. फुटलेली वीट काढून दुसरी बसवणे शिकाऊ मुलासही जमते.

भाडेकरूचे काय?

येथवर वाचून अनेक दुकानदार म्हणतील, "जागा माझी नाही, मी दुसऱ्याच्या जमिनीत पैसे का पुरावे?" प्रश्न रास्त आहे. फुटक्या जमिनीवर प्लास्टिक पसरण्याचे खरे कारण बहुधा अज्ञान नसून हेच असते. मालक दुरुस्ती करत नाही, कारण भाडे थोडे. भाडेकरू करत नाही, कारण हक्क थोडा. मधल्या मध्ये जमीन फुटत राहते आणि पाय मुरगळतो तो नोकराचा किंवा गिऱ्हाइकाचा.

यावर शास्त्राकडे पूर्ण उत्तर नाही, परंतु थोडे आहे. खडीवर सुट्या बसवलेल्या दगडी फरश्या या भाडेकरूच्या मालमत्तेसारख्याच असतात. सांधे मोकळे करून त्या उचलता येतात व दुसऱ्या दुकानात बसवता येतात. जुन्या फरश्यांना बाजारात गिऱ्हाईकही मिळते. चिकटवलेल्या आच्छादनास व ओतलेल्या कोब्यास हा गुण नाही. म्हणून ज्याची जागा अनिश्चित आहे, त्याने तर अधिकच उचलता येणारी जमीन निवडावी. मालकानेही विचार करावा. ओल जमिनीपुरती राहत नाही. ती भिंतीत जाते, आणि भिंत त्याची आहे. दोघांनी निम्मा-निम्मा खर्च उचलणे हा उपकार नव्हे, साधा हिशेब आहे.

संशोधनसंस्थांकडूनही एक अपेक्षा आहे. रुडकी येथे १९४७ साली केंद्रीय भवन संशोधन संस्था स्थापन झाली आणि बांधकामासंबंधीचे पुष्कळ ज्ञान देशात जमा झाले. ते ज्ञान मोठ्या इमारतींच्या अभियंत्यास सहज मिळते. बारा चौरस मीटरच्या दुकानदारास मिळत नाही. त्याचा सल्लागार म्हणजे शेजारचा गवंडी आणि फरशीचा विक्रेता. हातोडी, प्लास्टिकचा तुकडा आणि चाळलेली खडी यांची माहिती प्रत्येक गवंड्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचवणे, हे नवे संशोधन करण्याइतकेच निकडीचे काम आहे.

तोपर्यंत दुकानदाराने एवढे तरी करावे. पुढच्या पावसाळ्यानंतर फरशीच्या दुकानात जाण्यापूर्वी एक रात्र आपल्या जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवावा आणि सकाळी तो उचलून पाहावा. तो कोरडा निघाला तर तीन पोती सिमेंटात काम भागेल. ओला निघाला तर झाकणाचा विचार सोडून द्यावा व पाण्यास वाट देणारी जमीन करावी.